जुन्या मराठी ग्रंथांवरील खुणा आणि त्यांची साक्ष

भाषेच्या इतिहासाचा अभ्यासक एखाद्या रूपाचा आढळ नोंदवितो, तेव्हा त्यापुढे ग्रंथाचे वर्ष देतो. हे वर्ष ग्रंथरचनेचे की हाती असलेल्या प्रतीच्या मुद्रणाचे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

अहिल्यानगरलगतच्या भिंगार येथे रद्दीच्या दुकानात आमच्या एका विद्यार्थ्यास जुनी कादंबरी मिळाली. नामपृष्ठ गळालेले, प्रस्तावनेखाली 'शके १७९०, माघ' एवढेच. अनुच्चारित अनुस्वार ग्रंथात कोठेही नव्हते. त्यावरून त्याने असा निष्कर्ष काढला की, हे अनुस्वार गाळण्याची प्रवृत्ती १८६९ इतकी जुनी आहे. (शकात ७८ मिळविल्यास १८६८ येते, परंतु माघ महिना जानेवारी-फेब्रुवारीत पडत असल्याने येथे ७९ मिळविणे योग्य. एवढे त्याने बिनचूक केले होते.)

मलपृष्ठाच्या कोपऱ्यात किंमत होती: '२ रु. ५० न. पै.' नवे पैसे १ एप्रिल १९५७ रोजी चलनात आले आणि १९६४ साली 'नवे' हे विशेषण वगळण्यात आले. म्हणजे प्रत १९५७ पूर्वीची असणे शक्य नाही. अनुस्वार लेखकाने गाळलेले नसून नव्या लेखनपद्धतीनुसार मुद्रिते तपासणाऱ्याने गाळले, हेच अधिक संभवनीय. आण्यांत छापलेली किंमतही अशीच बोलकी असते. मात्र शिक्का मारून बदललेली किंमत विक्रीचा काळ सांगते, मुद्रणाचा नव्हे.

'आवृत्ती' या शब्दावर तर मुळीच विसंबू नये. आपल्याकडे संशोधित आवृत्ती आणि केवळ पुनर्मुद्रण या दोहोंसही प्रकाशक तेच नाव देत आले आहेत. शकाचे आकडे पुसट झाले असतील, तर संवत्सराचे नाव पाहावे. शके १७९० हा विभव संवत्सर. हे नाव साठ वर्षांनी, शके १८५० मध्येच, पुन्हा येते. ग्रंथालयाच्या शिक्क्यातील दाखल तारीख केवळ उत्तरमर्यादा ठरविते.

प्रत पूर्ण आहे किंवा नाही, हे पाहण्यास फर्म्याचे अंक उपयोगी पडतात. सोळा पृष्ठांचा फर्मा असल्यास प्रत्येक सोळा पृष्ठांनंतर तळाशी बारीक अंक येतो. नवानंतर अकरा आला, की मधला फर्मा बांधणीत राहून गेला असे समजावे. पृष्ठसंख्येचा ताळा १८६७ च्या पंचविसाव्या कायद्यान्वये तयार झालेल्या त्रैमासिक सूचींवरून घेता येतो. त्यांत आकार, पृष्ठे, किंमत, आवृत्तीचा क्रमांक, छापलेल्या प्रतींची संख्या, तसेच ग्रंथ टंकमुद्रित की शिळाछापाचा, याचीही नोंद असे. त्यापूर्वीच्या दोलामुद्रितांना हा आधार नाही, त्यांच्यासाठी शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' प्रथम उघडावी.

विद्यार्थ्याने टिपणातील १८६९ खोडून त्या जागी 'मुद्रण १९५७ नंतर' असे लिहिले आहे. पहिल्या आवृत्तीच्या प्रतीचा शोध चालू आहे.