दोन वह्या, एक साक्ष

रायपूरच्या एका शासकीय कचेरीत एखादे महसुली प्रकरण तपासणीसाठी आले आहे आणि मेजावर दोन कागद शेजारी शेजारी पडले आहेत, अशी कल्पना करावी. पहिला कागद दंतेवाडा जिल्ह्यातील एका शेताचा जुना अभिलेख. दुसरा महाराष्ट्रातील एटापल्लीहून मिळालेला जातीचा दाखला. शेत विकत घेऊ पाहणारा गृहस्थ आपण आदिवासी असल्याचे सांगतो आणि दाखला पुढे करतो. आदिवासींची जमीन सहजासहजी इतरांच्या हाती जाऊ नये म्हणून १९५९ च्या भूमहसूल संहितेने कडक निर्बंध घातलेले आहेत. तेव्हा या दोन कागदांचा अर्थ काय लावला जातो, यावर एका कुटुंबाची भाकर अवलंबून आहे.

प्रसंग कल्पित असला, तरी त्यातील दोन्ही वह्या खऱ्या आहेत. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागाने २०२२ साली सुमारे ६५,००० जातीच्या दाखल्यांची नोंद ‘पॉलिगॉन’ नावाच्या ब्लॉकचेनवर करण्याचा उपक्रम हाती घेतला. पुढे २०२४ मध्ये दंतेवाडा जिल्ह्याने १९५० च्या दशकापासूनचे सुमारे ७ लाख भूअभिलेख ‘ॲव्हलांच’ या दुसऱ्या ब्लॉकचेनच्या आधाराने सुरक्षित केल्याचे जाहीर झाले. मात्र एका वहीची नोंद दुसऱ्या वहीला कशी कळावी, आणि कळलीच तर तिने ती कशाच्या बळावर मानावी, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो.

ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली एक सामाईक नोंदवही होय. तिच्या प्रत्येक पानावर मागच्या पानाचा ‘हॅश’, म्हणजे गणिताने काढलेला अंकीय ठसा, उमटवलेला असतो. मागील एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो आणि लबाडी उघडी पडते. अशा उपक्रमांत मूळ दस्तऐवज सहसा वहीत जात नाही. जातो तो केवळ त्याचा ठसा. म्हणून ही वही एवढेच सांगू शकते की, नोंद झाल्या दिवसापासून हा कागद बदललेला नाही. मूळ नोंदच चुकीची असेल, तर ती चूकही तितक्याच निष्ठेने जपली जाते, हे विसरता कामा नये.

दोन वह्यांची गाठ घालण्याची अडचण रायपूरच्या जुन्या रहिवाशांना रेल्वेच्या उदाहरणाने चटकन कळेल. नागपूरहून राजनांदगावकडे आलेली पहिली लोहमार्गाची वाट मीटर रुंदीची होती. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने ती घेऊन रुंद केली. १९०० साली सुरू झालेला रायपूर-धमतरी मार्ग मात्र अडीच फुटांचा अरुंद राहिला. दोन मापांचे रूळ जेथे भेटतात, तेथे डबा पुढे जात नाही. मग एक तर हमालांनी माल उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा, नाही तर सर्वत्र एकच माप आणावे. ब्लॉकचेनांच्या बाबतीतही जे मार्ग सुचवले गेले, ते बहुतांशी याच दोन टोकांमध्ये बसतात.

पहिला मार्ग मध्यस्थांचा. काही विश्वस्त दोन्ही वह्यांवर नजर ठेवतात आणि एकीकडे अमुक घडले, अशी सही करून दुसरीकडे साक्ष देतात. हा मार्ग सोपा व स्वस्त आहे. पण सारी भिस्त हमालाच्या प्रामाणिकपणावर. मार्च २०२२ मध्ये ‘रोनिन’ नावाच्या सेतूवर ९ सहीदारांपैकी ५ जणांच्या किल्ल्या चोरट्यांनी हस्तगत केल्या आणि सुमारे ६० कोटी डॉलर किमतीचे अंकीय धन लांबवले. वह्या दोन्ही अभंग होत्या. फुटला तो मधला पूल.

दुसऱ्या मार्गात मध्यस्थाच्या शब्दावर विसंबावे लागत नाही. एक वही दुसरीच्या पानांचे मथळे स्वतःजवळ बाळगते आणि आलेला पुरावा गणिताने स्वतःच पडताळते. ‘कॉसमॉस’ समूहातील साखळ्या २०२१ पासून या पद्धतीने परस्परांशी व्यवहार करू लागल्या. येथे निरोप आणणारा केवळ टपालवाला असतो. त्याने खोटे पत्र आणले तरी ते पडताळणीत टिकत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा मार्ग सरस. परंतु दोन्ही वह्यांनी एकमेकींचे नियम जाणले पाहिजेत, आणि एकीचे नियम बदलले की दुसरीलाही बदलावे लागते.

तिसरा मार्ग अदलाबदलीचा. दोन पेट्यांना एकाच गुप्त संकेताची कुलपे लावावीत. एकाने आपली पेटी उघडताच तो संकेत दुसऱ्याला कळावा. मुदतीत काहीच न घडल्यास ज्याचा माल त्याला परत जावा. पैशाच्या वा रोख्यांच्या देवघेवीला ही युक्ती उत्तम. पण जातीचा दाखला ही काही अदलाबदलीची वस्तू नव्हे. तेव्हा कचेरीच्या कामी तिचा उपयोग थोडा.

चौथ्या मार्गात वह्यांनी एकमेकींशी बोलण्याची गरजच उरत नाही. दाखल्याची मांडणी ठराविक असावी, त्यावर देणाऱ्याची अंकीय सही असावी आणि ती कोणालाही तपासता यावी, एवढे पुरे. जागतिक वेबच्या मानक-संस्थेने २०१९ मध्ये अशा ‘पडताळणीयोग्य दाखल्यां’चे मानक प्रसिद्ध केले. नागरिक आपला दाखला स्वतः घेऊन जातो. रायपूरचा अधिकारी सही एटापल्लीची आहे ना, आणि दाखला रद्द झालेला नाही ना, एवढे पाहतो. शासनांना हा मार्ग बहुधा सर्वांत सोयीचा ठरावा.

सर्वत्र एकच माप आणण्याचा प्रयत्नही होत आहे. केंद्र शासनाने सप्टेंबर २०२४ मध्ये ‘विश्वस्य’ ही सामाईक व्यवस्था सुरू केली. तिची यंत्रणा भुवनेश्वर, पुणे आणि हैदराबाद येथील राष्ट्रीय सूचना केंद्राच्या विदाकेंद्रांत विभागलेली आहे. विविध खात्यांनी एकाच पायावर उभे राहावे, हा तिचा हेतू.

उद्योगधंद्यांचा अनुभव मात्र एकमापाच्या स्वप्नाबाबत सावध करणारा आहे. मेर्स्क ही जहाज कंपनी व आयबीएम यांनी २०१८ मध्ये जागतिक मालवाहतुकीसाठी ‘ट्रेडलेन्स’ ही सामाईक वही उभारली. अनेक कंपन्या तीत सामील झाल्या. तरीही साऱ्या उद्योगाचे सहकार्य मिळाले नाही, असे सांगून नोव्हेंबर २०२२ मध्ये ती बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. यंत्र चालत होते. पण एका स्पर्धकाच्या घरची वही इतरांना आपली वाटणे अवघड होते. म्हणून उद्योगांनी सेतू निवडताना वेग आणि खर्च यांच्या आधी वहीची मालकी व नियम बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे विचारावे.

आता पुन्हा त्या मेजाकडे वळावे. तंत्रदृष्ट्या पॉलिगॉन आणि ॲव्हलांच यांचे अंतर फार नाही. दोन्हींवर ‘इथीरियम’च्याच घडणीचे करार चालू शकतात. खरे अंतर आहे ते कागदांच्या भाषेत. महाराष्ट्रात सातबारा, तर छत्तीसगडात बी-१ आणि खसरा. महाराष्ट्रात ‘माडिया गोंड’ ही विशेष दुर्बल जमात, तर सीमेपलीकडे ‘अबूझमाडिया’. त्याहून मोठे अंतर कायद्याचे. संविधानाच्या ३४२ व्या अनुच्छेदानुसार अनुसूचित जमातींची यादी राज्यवार ठरते. एका राज्यात अनुसूचित गणलेली व्यक्ती दुसऱ्या राज्यातही तशीच गणली जाईल, असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये हेच तत्त्व स्पष्ट केले.

दाखला अस्सल आहे, एवढेच सेतूने सांगितले आणि ‘अस्सल’ याचा अर्थ यंत्राने ‘लागू’ असा घेतला, तर सर्व ठसे जुळूनही एका आदिवासी कुटुंबाची जमीन हातची जाऊ शकेल. म्हणून शासकीय सेतूने पुरावा वाहून न्यावा, निर्णय नव्हे; कोणी, कोठे, कोणत्या कायद्याखाली आणि कशासाठी दाखला दिला, ही माहिती त्याच्याबरोबर चालली पाहिजे. चूक निघाल्यास दाद कोणाकडे मागायची, हेही त्यावर लिहिलेले असावे. कारण न पुसली जाणारी वही दुरुस्तीची वाट ठेवत नसेल, तर ती नागरिकाला साक्ष न होता शिक्षा होईल.

मालाची पोती एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाताना मोजणारा कारकून पूर्वी रुळांच्या संगमावर उभा असे. पोती किती हे तो सांगे. ती कोणाच्या मालकीची, हे मात्र पावती पाहूनच ठरे. नव्या वह्यांच्या संगमावरही ती पावती वाचणारा जाणता माणूस बसलेला असणे आवश्यक आहे.