साडेतीन तास, शंभर प्रश्न

आपल्या गटांतल्या कितीतरी घरांत आता पोरी, सुना एलएलबी झाल्यात. पदवी मिळाली, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नाव नोंदवलं, सनद आली, पेढे वाटून झाले. पण ही सनद आधी तात्पुरती असते. दोन वर्षांच्या आत ऑल इंडिया बार एक्झामिनेशन पास व्हावी लागते, नाहीतर काळा कोट खुंटीलाच राहतो. 2011 पासून ही परीक्षा होते, आणि 2023 साली सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानेही ती कायम ठेवली. कितीही वेळा बसता येतं खरं. पण दर वेळची फी, शहरापर्यंतचा प्रवास, आणि लेकरं टाकून पुन्हा अभ्यासाला बसायचं म्हटलं की घरात काय काय ऐकावं लागतं, ते तुम्हाला सांगायला नको.

अभ्यास काय करायचा ते पोरींना कळतं. पण अभ्यास असूनही मार्क जातात ते वेळेपायी, म्हणून आज आम्ही तेवढंच बोलणार आहोत.

प्रश्न 100, वेळ साडेतीन तास. म्हणजे 210 मिनिटं, एका प्रश्नाला दोन मिनिटांहून थोडी जास्त. प्रत्येकाखाली चार पर्याय. चुकलं तर मार्क कापत नाहीत. खुल्या आणि ओबीसी गटाला 45 टक्के, एससी-एसटीला 40 टक्के लागतात. शिवाय कायद्याची पुस्तकं सोबत नेता येतात, फक्त त्यांत टिपणं नकोत.

पुस्तक नेता येतं म्हणून ही परीक्षा सोपी वाटते, आणि खरा घात तिथेच होतो. पोरगी दुसऱ्याच प्रश्नाला पुस्तक उघडते, कलम शोधण्यात पाच-सहा मिनिटं घालवते. असे वीस प्रश्न झाले की दोन तास गेले, आणि मागे येणारे सोपे प्रश्न वाचायचेच राहिले. खुरपताना एका लव्हाळ्याच्या गाठीशी कुणी बसून राहिलं, तर तिची पात मागेच पडते ना? तसंच हे.

म्हणून पहिल्या फेरीत पुस्तकाला हात लावायचा नाही. पहिल्यापासून शंभराव्यापर्यंत जायचं, प्रश्नाला सरासरी एक मिनिट. येतं ते लिहायचं, अडलं की प्रश्नपत्रिकेवर खूण करून पुढे. यात शंभरेक मिनिटं जातात. दुसऱ्या फेरीत खुणेचेच प्रश्न, आणि आता पुस्तक. एकाला तीन मिनिटं धरली तर सव्वा तासात पंचवीस होतात. यातही निवड हवी. ‘अमुक गोष्ट कोणत्या कलमात’ असं विचारलं असेल तर पुस्तक कामाला येतं. एखादी घटना सांगून ‘गुन्हा कोणता झाला’ असं विचारलं, तर पानं चाळून फारसं हाती लागत नाही, तिथे डोकंच चालवावं लागतं. उरलेली पस्तीस मिनिटं राहिलेल्या प्रश्नांना आणि तपासायला. उत्तर येत नसलं तरी गोल रिकामा सोडायचा नाही. वीस प्रश्न नुसत्या अंदाजाने भरले, तरी सरासरीने पाच बरोबर येतात. पाच मार्कांवर पास-नापास ठरतं, बायांनो.

गोल पेनाने भरायचे असतात, खोडता येत नाहीत. सगळे शेवटी भरू म्हणणं धोक्याचं. एक पान सोडवलं की तेवढे भरून टाकायचे. प्रश्न सोडून पुढे गेलं की उत्तरपत्रिकेवरची ओळही सोडली का, हे बघायचं. एक ओळ सरकली तर पुढची सगळी बरोबर उत्तरं चुकीची ठरतात.

कुठल्या विषयाला किती वेळ, हेही आधी ठरवावं. राज्यघटना, दिवाणी प्रक्रिया आणि फौजदारी प्रक्रिया यांचे दहा-दहा. दंडसंहिता, पुरावा, कौटुंबिक कायदा आणि करार-मालमत्ता यांचे आठ-आठ. एवढ्यातच 62 झाले! कंपनी, सायबर, पर्यावरण यांचे दोन-दोनच, तिथे रेंगाळायचं कशाला?

घरच्यांनी काय करायचं? रविवारी साडेतीन तास तिला हाक मारायची नाही. पाहुणे आले तर चहा दुसरं कुणीतरी करेल. परीक्षा मराठीतून देणार असेल तर सरावही मराठीतूनच हवा, कारण ‘दखलपात्र’, ‘प्रतिज्ञापत्र’ असले शब्द वाचायलाच वेळ खातात. आणि एक काम तर सासूबाईंनाही जमेल. हातात घड्याळ घ्या आणि नुसतं म्हणा, ‘पोटगी’. सुनेने एका मिनिटात पान काढायचं: नागरिक सुरक्षा संहिता, कलम 144. ‘हुंडाबळी’? न्याय संहिता, कलम 80. ‘खून’? आपल्या तोंडात 302 बसलंय, पण 1 जुलै 2024 पासून ते 103 झालंय.

म्हणूनच पुस्तकं जुनी नकोत. एकटीला संच परवडत नसेल तर गटाने मिळून नवा घ्यावा, एकीची परीक्षा झाली की दुसरीला द्यावा. फक्त त्यावर कुणी काही लिहू नका. लिहिलेलं पुस्तक परीक्षेत चालत नाही.