चिखलातले चाक आणि मनातला संशय

पावसाळ्यात कच्च्या रस्त्यावर मोटार रुतली, की नवखा चालक ॲक्सिलरेटर जोराने दाबतो. चाके जागच्या जागी गरगरतात आणि गाडी अधिकच खोल जाते. जाणता चालक पाय हलका करून ती बाहेर काढतो. अमेरिकेत मातीच्या धावपट्टीवर ज्या मोटारशर्यती होतात, त्यांतील पुष्कळसे कौशल्य या हलक्या पायातच साठवलेले असते. ओहायो राज्यातील एल्डोरा ही १९५४ साली सुरू झालेली धावपट्टी अशा शर्यतींसाठी विख्यात आहे. तेथे शेकडो अश्वशक्तीच्या गाड्या चिकणमातीवर तिरप्या घसरतच वळण घेतात.

हेच कौशल्य एखाद्या विद्युत्‌यंत्राने परस्पर पुरवले तर? ‘ट्रॅक्शन कंट्रोल’ ते हेच. चाके घसरून इंजिनाचे फेरे एकाएकी वाढताच हे यंत्र ठिणगी क्षणभर लांबवते. जोर ओसरतो आणि चाके पुन्हा माती पकडतात. मातीवरील बहुतेक शर्यतींत यास बंदी आहे. परंतु हे यंत्र इतके लहान असते, की तारांच्या जुडग्यात सहज दडावे.

मग उरतो तो कान! वळणातून निघताना इंजिन अडखळले, की प्रेक्षकांत कुजबुज सुरू होते. वास्तविक ठिणगी चुकली तरी इंजिन तसेच अडखळते. म्हणजे आवाजावरून संशय येईल, पुरावा मिळणार नाही.

फॉर्म्युला वनचा अनुभव येथे उद्बोधक आहे. तेथे १९९४ साली बंदी आली. त्याच वर्षी जपानमधील आयडा येथे सेन्नास प्रतिस्पर्ध्याच्या गाडीचा आवाज ऐकून शंका आली. चोरी पकडणे दुरापास्त झाल्यामुळे २००१ मध्ये हे यंत्र पुन्हा खुले करावे लागले. सर्व गाड्यांना एकाच प्रकारचा नियंत्रक संगणक सक्तीचा झाला, तेव्हा कोठे २००८ पासून बंदी पाळली जाऊ लागली.

मातीवरील शर्यतींतही आता अनेक आयोजक तारा उघड्या ठेवावयास लावतात आणि ठिणगीची पेटी ताब्यात घेऊन तपासण्याचा अधिकार राखून ठेवतात. आम्हांस ही तपासणी योग्य वाटते. तिच्यामुळे लबाड सापडेल हे खरेच. पण तिची खरी गरज आहे ती प्रामाणिक विजेत्याला. ज्याने वर्षानुवर्षे खपून आपला पाय हलका केला, त्याच्याच गाडीकडे लोक आधी बोट दाखवतात. आपण निर्दोष आहोत हे त्याने एकट्याने कसे सिद्ध करावे?