भाकर मोफत, कालवण महाग

माणसाला नुसतं जगायला वर्षाकाठी किती पैसे लागतात, हा हिशोब आपल्याकडे पहिल्यांदा नीट मांडला तो दादाभाई नौरोजींनी, १८७६ साली. परदेशातल्या मळ्यांवर बोटीने पाठवल्या जाणाऱ्या गिरमिटिया मजुरांना प्रवासात किती शिधा द्यावा, याची सरकारी यादी त्यांनी घेतली. तुरुंगात एका कैद्यावर किती खर्च होतो, तेही पाहिलं. मग १८६७-६८ चे भाव लावून त्यांनी सांगितलं की प्रांताप्रांतानुसार माणशी १६ ते ३५ रुपये लागतात, आणि देशाचं सरासरी उत्पन्न मात्र माणशी २० रुपये आहे. म्हणजे प्रजेतल्या असंख्यांना कैद्याइतकंही मिळत नाही. या हिशोबाची राजकीय बाजू आपण शाळेत शिकतो, त्यातली शिध्याची यादी मात्र सहसा कोणी वाचत नाही. त्या यादीत तांदूळ किंवा पीठ आहेच, शिवाय डाळ आहे, भाजी आहे, मटण आहे, तूप आणि तेल आहे. बोटीवर निवांत बसून असलेल्या मजुराला एवढं तरी लागणारच, असं तेव्हाच्या परक्या सरकारनेही धरलं होतं.

पुढच्या शंभर वर्षांत हिशोब बारीक होत गेला आणि ताट मात्र त्यातून गळत गेलं. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधून वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये गरिबीचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दिवसाला २,२५० कॅलरी देणारा आहार ही किमान पातळी धरली होती. १९६०-६१ च्या भावांनुसार त्यासाठी खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये खर्च लागतो, असं त्यांनी दाखवलं. १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कार्यगटाने खेड्यासाठी २,४०० आणि शहरासाठी २,१०० कॅलरींचा निकष लावला. देश दुष्काळातून नुकताच उठत होता. १९७२ ला सुकडी आणि अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो खाऊन गावंच्या गावं खडी फोडायला जात होती. अशा वेळी पोटात भर पडते की नाही हाच खरा प्रश्न होता, आणि त्या काळासाठी हा निकष योग्यच होता. सुरेश तेंडुलकर समितीने २००९ मध्ये गरिबीच्या रेषेला कॅलरीच्या खुंटीवरून सोडवलं. पण तिच्या पद्धतीने २०११-१२ साठी निघालेली रेषा खेड्यात महिना ८१६ रुपये आणि शहरात १,००० रुपये होती, म्हणजे दिवसाला सुमारे २७ आणि ३३ रुपये. रंगराजन समितीने २०१४ मध्ये प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थही मोजायला घेतले, तेव्हा रेषा ९७२ आणि १,४०७ रुपयांवर गेली आणि गरिबांचं प्रमाण जवळपास २२ टक्क्यांवरून साडेएकोणतीस टक्के झालं. तो अहवाल सरकारने स्वीकारला नाही. वरणाची वाटी मोजली की गरीब वाढतात, हे त्यातून दिसलं ते मात्र पुसता येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की आजची गरिबी भाकरीत शोधली तर सापडत नाही. ती कालवणात सापडते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सुमारे ८० कोटी लोकांना माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. ही मोठी गोष्ट आहे आणि तिचं मोल कमी लेखणाऱ्याने टाळेबंदीचे महिने आठवावेत. ग्रामीण कुटुंबाच्या खर्चात धान्याचा वाटा १९९९-२००० मध्ये २२ टक्क्यांच्या आसपास होता. २०२२-२३ च्या पाहणीत तो ५ टक्क्यांच्या आत आला. तरी त्याच काळात, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली, २५ टक्क्यांहून अधिक उंचीच्या मानाने हडकुळी, आणि १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी. ही सगळी तांदूळ-गहू न मिळाल्याची लक्षणं नाहीत. डाळ, दूध, अंडं, हिरवी भाजी, फळ यांच्या तुटवड्याचा, आणि अस्वच्छ पाणी व वारंवारच्या आजारपणाचा, तो एकत्र परिणाम आहे.

चौघांच्या घराचा हिशोब मांडून पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुचवलेल्या ताटात माणशी दिवसाला धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, दूध ३०० मिलि, फळं १०० ग्रॅम, दाणे-बिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम असतं. चौघांसाठी महिन्याचं धान्य ३० किलो झालं. त्यातलं २० किलो रेशनवर मोफत मिळालं असं धरू. उरलेलं १० किलो ४० रुपयांनी ४०० रुपये. डाळ-कडधान्य १० किलोच्या वर, १२० रुपयांनी सव्वाबाराशे. भाजी ४८ किलो, सरासरी ४० रुपयांनी १,९२०. दूध ३६ लिटर, ५५ रुपयांनी १,९८०. केळी-पेरूसारखी फळं १२ किलो, ६० रुपयांनी ७२०. तेल सव्वातीन किलो, साडेचारशे रुपये. सुका मेवा विसरून नुसते शेंगदाणे धरले तरी साडेपाचशे. बेरीज सव्वासात हजारांच्या घरात जाते, आणि त्यात मीठ, मिरची, चहा, साखर, गॅस काहीच नाही. भाव मी मुद्दाम बेताचे धरले आहेत. वाचकांनी आपल्या गावचे घालून पाहावेत. आता २०२३-२४ च्या सरकारी खर्चपाहणीतला आकडा शेजारी ठेवू: खेड्यातल्या सर्वात खालच्या ५ टक्के लोकांचा माणशी महिन्याचा एकूण खर्च १,६७७ रुपये. चौघांचे झाले ६,७०८. म्हणजे औषध, कपडे, शाळा, प्रवास सगळं सोडून हातातला प्रत्येक रुपया अन्नावर घातला, तरी हे ताट भरत नाही. रोजगार हमीची महाराष्ट्रातली २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. महिन्यात २५ दिवस काम मिळालं, जे सहसा मिळत नाही, तरी ७,८०० होतात.

यातून घर चालवण्याची जी विद्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या कमावली आहे, ती पोषणशास्त्राच्या कसालाही उतरते. ज्वारी-गव्हात लायसिन कमी, डाळीत ते भरपूर. म्हणून भाकरीबरोबर पिठलं किंवा झुणका खाल्ला की प्रथिनं पूर्ण होतात. मटकीला मोड आणले की तिच्यातलं लोह शरीराला जास्त मिळतं, वर लिंबू पिळलं तर आणखी. जेवणाला लागून चहा घेतला तर मात्र ते कमी मिळतं. शेंगदाण्याचा कूट, जवस-कारळाची चटणी, हुलग्याचं माडगं, कोकणात कुळथाची पिठी, बाजारच्या दिवशी आणलेली मूठभर सुकट किंवा जवळा, पावसाळ्यात बांधावरची तांदुळजा, घोळ, शेवग्याचा पाला: थोड्या पैशांत प्रथिनं आणि लोह मिळवण्याचे हे उत्तम मार्ग आहेत. तूर परवडेनाशी झाली की मसूर किंवा हरभऱ्याची डाळ, तीही नाही जमली तर सोयाबीनच्या वड्या. घरोघरी हे सगळं चालूच आहे. ज्यांना वाटतं की गरिबांना स्वस्त पौष्टिक स्वयंपाक शिकवला की प्रश्न सुटेल, त्यांनी हे लक्षात घ्यावं. ही विद्या अपुरी पडते ती पुढच्या पायरीवर. आमटीत पाणी वाढवत नेण्याला एक हद्द असते, आणि ती ओलांडल्यावर वाटीत रंग आणि तिखट उरतं, डाळ उरत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो तो जुन्या काळाचा. आमचे आजे-पणजे भाकरी, कांदा आणि ठेचा खाऊन काटक राहिले, असं म्हटलं जातं. जे काटक राहिले त्यांचीच आठवण मागे राहिली, हे त्याचं पहिलं उत्तर. स्वातंत्र्याच्या वेळी भारतीयाचं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं, आज ते ७० आहे. दुसरं असं की तो स्वस्त आहार आता स्वस्त राहिलेला नाही. ज्वारीचा पेरा घटला, तिची जागा सोयाबीन-उसाने घेतली, आणि गरिबाची भाकर आज बाजारात गव्हापेक्षा महाग आहे. बांधावरची भाजी ज्याला बांध आहे त्याला. तणनाशक मारलेल्या शेतात तीही उरत नाही. हुलगा, मटकी शिजायला वेळ आणि जळण लागतं. उज्ज्वला योजनेने २०१६ पासून कोट्यवधी घरांत शेगडी पोचवली, धूर कमी केला, हे खरंच. पण तीनशे रुपयांचं अनुदान मागाहून खात्यात येतं आणि सिलिंडर दारात आला की पूर्ण रक्कम हातात लागते. म्हणून उज्ज्वलाच्या घरांत वर्षाला सरासरी चारच्या आसपास सिलिंडर घेतले जातात. जिथे गॅस जपून वापरायचा असतो, तिथे मंद आचेवर वेळ घेत कडधान्य शिजवणं परवडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: मोबाईलला पैसे आहेत, वडापावला आहेत, पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याला आहेत, मग दुधाला कसे नाहीत? खर्चपाहणी सांगते की खेडं असो वा शहर, अन्नावरच्या खर्चात सर्वात मोठा वाटा आज तयार खाद्यपदार्थ आणि पेयांचा आहे. ही सवय सगळ्या समाजाची आहे, गरिबाची तेवढी उघडी पडते. मोबाईलशिवाय मुकादमाचा निरोप येत नाही, रेशनच्या ई-केवायसीचा ओटीपी येत नाही, खात्यात अनुदान जमा झालं की नाही ते कळत नाही. रिचार्ज ही आता कामावर जाण्याची अट आहे. वडापाव खातो तो नाक्यावरचा मजूर, ज्याच्या खोलीत चूल नाही किंवा चार-पाच जणांत एक आहे. तेवढ्या पैशांत तेवढ्या वेळात गरम आणि पोटभरीचं दुसरं काही त्याला मिळत नाही. दहा रुपयांची शिवभोजन थाळी २०२० मध्ये सुरू झाली तेव्हा केंद्रांपुढे रांगा लागल्या. जवळ आणि परवडेल असं वरण-भात-भाजीचं ताट मिळालं, तर माणूस ते घेतो.

या आक्षेपामागे एक खोल गैरसमज आहे. गरिबाच्या घरातला खर्च मनाच्या पसंतीने ठरत नाही, तारखांनी ठरतो. खोलीचं भाडं पाच तारखेला, फायनान्सवाल्यांचा हप्ता दर आठवड्याला, शाळेची फी सत्राच्या आधी, आणि आजारपण केव्हाही. २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९ टक्के खर्च लोकांनी स्वतःच्या खिशातून केला. हे सगळे पैसे मागायला कोणीतरी दारात येतं. भाजी आणि दूध मागायला कोणी येत नाही. त्यामुळे ओढाताण झाली की कात्री तिथेच लागते, आणि लागली हे घराबाहेर कोणाला कळतही नाही. घरातही ती सर्वांवर सारखी लागत नाही. कमावत्या पुरुषाचं आणि मुलांचं वाढून झाल्यावर जे उरतं ते बाईच्या वाट्याला येतं. रक्तक्षयाच्या आकड्यांत स्त्रियांचं प्रमाण पुरुषांच्या कितीतरी पुढे का आहे, त्याचं कारण पाळी आणि बाळंतपणाबरोबर या शेवटच्या वाढणीतही आहे.

आणि सणाचं काय? अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांनी राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातल्या अतिगरीब घरांचा खर्च तपासला, तेव्हा वार्षिक खर्चातला १४ टक्के सणासमारंभांवर जात असल्याचं आढळलं. पोट अर्धं असताना हे कशाला, असं विचारणारे तेव्हाही होते. पण अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्येच लिहून ठेवलं होतं की चारचौघांत लाज न वाटता वावरता येण्यासाठी जे लागतं, तेही गरजेचंच असतं. शेजारच्या घरी करंज्या तळल्याचा वास येत असताना आपल्या मुलांना काय सांगायचं, हा प्रश्न गरिबीचाच भाग आहे. राज्य सरकारने २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ दिला: शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर एकेक किलो आणि पामतेल एक लिटर. त्यामागे राजकारण होतं असं कोणी म्हणेल, असेलही. तरी फराळ ही चैन नव्हे, हे त्यात मान्य झालं आणि मला ते योग्य वाटतं.

गरिबी घटली आहे, ही गोष्ट मी नाकारत नाही. जागतिक बँकेच्या दिवसाला तीन डॉलरच्या नव्या रेषेखाली २०२२-२३ मध्ये ५.३ टक्के भारतीय होते. नीती आयोगाच्या बहुआयामी निर्देशांकाने तेव्हाचं प्रमाण ११.२८ टक्के सांगितलं. बहात्तरसारखी उपासमार आता नाही. पण संयुक्त राष्ट्रांच्या अन्न संघटनेने २०२४ च्या अहवालात जेव्हा विचारलं की सकस आहार किती जणांना परवडतो, तेव्हा निम्म्याहून अधिक भारतीयांना तो परवडत नाही असं उत्तर आलं. तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात, कारण प्रत्येकाचा प्रश्न वेगळा आहे. धोरण मात्र पहिल्या दोन प्रश्नांवरच थांबलं आहे.

फुकट दिल्याने माणसं आळशी होतात, हे ऐकू येतंच. माणशी ५ किलो धान्यातून दिवसाला पावणेसहाशे कॅलरींच्या आसपास मिळतात. तेवढ्यावर घरी बसून राहणं कोणालाही शक्य नाही. उलट दिलं ते अपुरं आणि एकसुरी आहे. तमिळनाडू २००७ पासून रेशनवर तूरडाळ आणि पामतेल सवलतीच्या भावाने देत आलं आहे. तिथल्या शाळांत अंडं रोजच्या जेवणाचा भाग आहे. महाराष्ट्रात आदिवासी भागातल्या गरोदर व स्तनदा मातांना ‘अमृत आहार’ योजनेत गरम जेवण मिळतं, ते चांगलंच आहे. शाळेच्या पोषण आहारात मात्र २०२३ च्या अखेरीस आठवड्याला एक अंडं आलं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबला. आठवड्याचं एक अंडं ज्या राज्याला जड होतं, त्या राज्याने आपल्या प्राधान्यक्रमाकडे पुन्हा पाहायला हवं.

डाळ रेशनवर आणण्यासाठी आपल्याला दूर जावं लागत नाही. महाराष्ट्र हे देशातल्या आघाडीच्या तूर-उत्पादक राज्यांपैकी एक आहे, लातूरच्या डाळगिरण्या देशभर डाळ पुरवतात, आणि हंगामात भाव हमीभावाखाली घसरला म्हणून शेतकरी खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टर घेऊन थांबतात, हेही दर एक-दोन वर्षांनी घडतं. एकीकडे विकली न जाणारी तूर आणि दुसरीकडे पाणी वाढवलेली आमटी, यांच्यामधलं अंतर कित्येकदा एकाच तालुक्यातलं असतं. खरेदी, भरडाई, गोदाम, रेशन दुकान या साखळीतली प्रत्येक कडी आज अस्तित्वात आहे, आणि ‘आनंदाचा शिधा’ देताना रवा-डाळ-तेल वाटून दुकानदारांनी ती चालवूनही दाखवली आहे. कार्डामागे महिना दोन किलो डाळ दिली, तर चौघांच्या घरात माणशी दिवसाला सोळा-सतरा ग्रॅम येते. पोषण संस्थेच्या ८५ ग्रॅमच्या ती पाचव्या हिश्श्याएवढीच आहे, पण पातळ आमटी घट्ट व्हायला तेवढी पुरते.