सत्तावीस विद्यार्थी व जगाचें न्यायासन



दोन शेतें एकमेकांस लागून आहेत. वरच्या शेताचा मालक आपल्या सोयीसाठीं बांध फोडतो. पावसाळा येतो, पाण्याचा लोट खालच्या शेतांत शिरतो आणि तेथील गरीब शेतकऱ्याचें उभें पीक वाहून जातें. "पाऊस पडला, त्यास मीं काय करावें?" असें वरचा मालक म्हणाला, तर गांवचे पंच तें ऐकून घेतील काय? पाऊस देवाचा खरा. पण बांध कोणीं फोडला, हें ते विचारल्यावांचून राहणार नाहींत. हवामानाच्या बाबतींत आज सर्व जगापुढें हाच प्रश्न उभा आहे. त्यास 'हवामान-न्याय' असें नांव आहे. हा प्रश्न न्यायासनापुढें कसा गेला, त्याची हकीकत तुम्हां विद्यार्थ्यांस विशेष मननीय वाटेल. कारण ती विद्यार्थ्यांपासूनच सुरू होते.

प्रथम बांध कोणता, तें पाहूं. दगडी कोळसा, खनिज तेल व वायु जाळल्यानें कार्बन डायऑक्साइड नांवाचा वायु हवेंत मिसळतो. तो पृथ्वीची उष्णता बाहेर जाऊं देत नाहीं. पांघरुणासारखा ती धरून ठेवतो. कारखान्यांचें युग सुरू होण्यापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारें २८० भाग होते; आज ते ४२० हून अधिक आहेत. हा वायु एकदां हवेंत गेला कीं त्याचा मोठा अंश शेंकडों वर्षें तेथेंच राहतो. म्हणून आजोबांच्या काळीं इंग्लंडांत वा अमेरिकेंत निघालेला धूर नातवंडांच्या काळीं भलत्याच देशांत त्रास देतो. पृथ्वीचें सरासरी तपमान एक अंशाहून अधिक वाढलें आहे, समुद्राची पातळी चढत आहे आणि तापलेल्या समुद्रावरून येणारीं वादळें अधिक उग्र होत आहेत.

आतां खालचें शेत पाहूं. प्रशांत महासागरांत ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस वानुआतु नांवाचें राष्ट्र आहे. तुमच्या आजोबांच्या नकाशांत तें 'न्यू हेब्रिडीज' या नांवानें दाखविलेलें असे. इ. स. १९०६ पासून तेथें इंग्रज व फ्रेंच यांचा संयुक्त अंमल होता. १९८० सालीं तें स्वतंत्र झालें. सुमारें ऐंशी बेटें आणि तीन लक्षांच्या आसपास वस्ती, एवढाच त्याचा पसारा. जगाच्या धुरांत त्याचा वाटा नांवापुरताहि नाहीं. तरी मार्च २०१५ मध्यें 'पॅम' या प्रचंड वादळानें त्या देशाची दाणादाण उडविली. १९२० सालीं नव्हे, आपल्या डोळ्यांदेखत! पुढें एप्रिल २०२० मध्यें 'हॅरोल्ड' आलें आणि मार्च २०२३ मध्यें एकाच आठवड्यांत 'जुडी' व 'केव्हिन' अशीं दोन वादळें लागोपाठ आदळलीं. एखादें वादळ केवळ धुरामुळेंच आलें, असें म्हणणें शास्त्रास धरून होणार नाहीं. वादळें पूर्वींहि येत असत. परंतु त्यांचा जोर वाढविण्यास मनुष्याचें कृत्य कारण होतें, हें शास्त्रज्ञ सांगतात.

या वानुआतूची राजधानी पोर्ट व्हिला. तेथील साउथ पॅसिफिक विद्यापीठाच्या शाखेंत कायद्याचा अभ्यास करणाऱ्या सत्तावीस विद्यार्थ्यांच्या मनांत २०१९ सालीं एक विचार आला. आपण वर्गांत राष्ट्रांचे हक्क व कर्तव्यें शिकतों; मग ज्या राष्ट्रांच्या धुरामुळें दुसऱ्यांचीं घरेंदारें जातात, त्यांचें कर्तव्य काय, हें जगाच्या सर्वोच्च न्यायालयास कां विचारूं नये? असें न्यायालय हॉलंडांत हेग येथें आहे. पण त्याच्या दारांत तुम्हां-आम्हांस उभें राहतां येत नाहीं. तेथें खटला भरण्याचा अधिकार फक्त राष्ट्रांस आहे, आणि सल्ला मागावयाचा तर तो संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें किंवा तसा अधिकार असलेल्या संस्थेनेंच मागावा लागतो. विद्यार्थ्यांनीं हताश होऊन पुस्तकें मिटलीं नाहींत. त्यांनीं प्रशांत बेटांच्या राज्यकर्त्यांस पत्रें लिहिलीं, संघटना स्थापिली आणि सॉलोमन बेटांची सिंथिया होउनिउही ही त्यांच्यांपैकींच एक विद्यार्थिनी पुढें तिची अध्यक्ष झाली. वानुआतूच्या सरकारानें त्यांचें म्हणणें उचलून धरलें व तें देशोदेशीं नेलें. शेवटीं ता. २९ मार्च २०२३ रोजीं, म्हणजे त्या दोन वादळांच्याच महिन्यांत, १३० हून अधिक राष्ट्रांनीं पुरस्कारिलेला ठराव आमसभेनें मतदानाशिवाय, सर्वांच्या संमतीनें मंजूर केला.

डिसेंबर २०२४ मध्यें हेग येथें सुनावणी झाली. ९६ राष्ट्रें व ११ आंतरराष्ट्रीय संस्था यांनीं तोंडी निवेदनें केलीं. त्या न्यायालयाच्या इतिहासांत एवढी मोठी सुनावणी पूर्वीं झाली नव्हती. ता. २३ जुलै २०२५ रोजीं पंधरा न्यायाधीशांनीं एकमतानें आपला अभिप्राय दिला. त्याचें सार असें : हवामानाचें रक्षण करणें हें राष्ट्रांचें ऐच्छिक पुण्यकर्म नाहीं, तें कायद्यानें बांधलेलें कर्तव्य आहे. स्वच्छ व निरोगी परिसर हा मनुष्याचा हक्क असून त्यावांचून जीविताचे, अन्नाचे, पाण्याचे व निवाऱ्याचे हक्क पोकळ ठरतात. जें राष्ट्र कोळसा व तेल यांच्या बाबतींत योग्य ती दक्षता घेणार नाहीं, तें दोषी ठरूं शकेल. आणि त्याच्या दोषानेंच हानि झाली असें सिद्ध झाल्यास त्यास भरपाईहि द्यावी लागेल.

हा अभिप्राय सल्ल्याच्या स्वरूपाचा आहे. त्याच्या जोरावर कोणाच्या घरीं जप्ती येणार नाहीं. मग त्याचा उपयोग काय? गांवांतील शहाण्या वृद्धाच्या शब्दामागें शिपाई नसतो, तरी त्याचा शब्द डावलतांना माणूस कचरतो. येथून पुढें कोणत्याहि देशाच्या न्यायालयांत वकील उभा राहील, तेव्हां हा अभिप्राय त्याच्या हातीं असेल.

वर्गांत ही हकीकत सांगितल्यावर एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "सर, मग आपला देश वरच्या शेतांत कीं खालच्या?" प्रश्न अवघड होता, व उत्तर सोपें करून सांगणें मला अप्रामाणिकपणाचें वाटलें. भारतांतून दरसाल निघणारा धूर देशवार पाहतां जगांत तिसऱ्या क्रमांकाचा आहे; परंतु तोच माणशीं वांटला तर जगाच्या सरासरीहून कमी भरतो, आणि गेल्या दीडशें वर्षांच्या साठ्यांत तर आपला वाटा थोडा आहे. जबाबदारी सर्वांची, पण सारखी नव्हे, हें तत्त्व १९९२ सालीं रिओ येथें सर्व राष्ट्रांनीं मान्य केलें. भारतानें हेग येथें त्याचाच आधार घेतला, व तो रास्तच होता. तथापि हीच मोजपट्टी घरांतहि लावली पाहिजे. वैशाखांत थंड हवेच्या यंत्राखालीं बसणारा आणि त्याच वेळीं रस्त्यावर खडी फोडणारा मजूर, दोघेहि भारतीयच. पण एक वरच्या शेतांत आहे व एक खालच्या.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंहि या दिशेनें पाऊल टाकिलें आहे. आपल्या सोलापूर जिल्ह्यांत नान्नज येथें ज्याचें अभयारण्य आहे, त्या माळढोक पक्ष्याविषयीं एक खटला चालला होता. राजस्थान व गुजरात येथें सौर विजेच्या उंच तारांवर आपटून हे पक्षी मरत. पक्षी वांचवावा कीं सूर्याची वीज वाढवावी, असा तो पेंच. ता. २१ मार्च २०२४ च्या निकालांत सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठानें हा तोल संभाळण्याचें काम तज्ज्ञांच्या समितीकडे सोंपविलें. व त्याच निकालांत, हवामान-बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण मिळणें हा संविधानाच्या १४ व्या व २१ व्या कलमांतून निघणारा हक्क आहे, असें सांगितलें.

पालकहो, मुलानें निबंधांत 'झाडें लावा, पाणी वांचवा' एवढें लिहिलें कीं आपण संतुष्ट होतों. तेंहि हवेंच. परंतु त्या सत्तावीस विद्यार्थ्यांनीं आणखी एक गोष्ट केली : आपल्या दुःखास त्यांनीं स्पष्ट शब्दांत मांडलेल्या प्रश्नाचें रूप दिलें आणि तो योग्य दारीं नेला. नीट विचार करावा, खरें तेंच लिहावें आणि उत्तर मिळेपर्यंत दार सोडूं नये, हें शाळेंत शिकतां येण्यासारखें आहे. दूरच्या बेटांवरील मुलांस त्याचें फळ मिळण्यास सहा वर्षें लागलीं. आपल्या गांवच्या ओढ्याविषयीं वा विहिरीविषयीं एखादा अर्ज लिहिण्यास तुम्हांस एक सायंकाळ पुरे होईल.