एक कोळंबी उघडून बघा

आजचा मेसेज जरा लांब आहे, पण शेततळ्यात जंबो कोळंबी सोडलेल्यांनी पूर्ण वाचा.

मागच्या पंधरवड्यात आपल्या एका सभासदांचा सकाळी साडेसहाला फोन आला. "कोळंबी काठाला येऊन बसलीय, हात लावला तरी पळत नाही. भुकेली असेल का?" मी फोनवरच सांगितलं, खाद्य थोडं वाढवून बघा. चूक माझी. तळ्यावर पोचून एक कोळंबी उघडली तर आतडं भरलेलं, आणि कल्ले तपकिरी, गाळाने बरबटलेले. त्रास पोटाचा नव्हता, श्वासाचा होता. तोपर्यंत टोपलीभर माल मेला होता आणि जादा टाकलेलं खाद्य तळाशी पडून होतं. ते कुजणार आणि उरलासुरला ऑक्सिजनही खाणार.

म्हणून सांगतो, तळ्यात काही टाकायच्या आधी एक कोळंबी उघडून बघायची. पागाने किंवा चेक ट्रेमधून जिवंत घ्या आणि दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवा, म्हणजे ती निपचित पडते. मेलेली घेऊ नका. आतले अवयव लवकर विरघळतात आणि काहीच कळत नाही.

आधी बाहेरून बघा. डोकं आणि छाती एकाच कवचाखाली जोडलेली, पुढे कपाळावर दातेरी करवत. मागे सहा वळ्यांची शेपटी आणि टोकाला पंखा. चालायचे पाय पाच जोड्या, शेपटीखाली पोहायचे पाय पाच जोड्या. चालायच्या पायांत पहिल्या दोन जोड्यांनाच चिमटे असतात आणि दुसरी जोडी सगळ्यात लांब. मोबाईलवर व्हिडिओत दिसते ती क्रेफिश वेगळी, तिची पहिली जोडी जाडजूड असते. ती मूळची आपल्या देशातली नाही. मत्स्यालयाच्या दुकानातून आणून तळ्यात सोडायच्या फंदात पडू नका, त्यातल्या काही जाती बांधाला बिळं पाडतात.

त्या लांब चिमट्याचा रंग बघा. गडद निळा आणि शरीराहून लांब असेल तर तो तळ्यातला दादा नर. त्याची वाढ आता जवळजवळ थांबलेली असते, आणि तो आहे तोवर बारीक नर दबून राहतात. असे नर आधी विक्रीला काढा, मागचे पटकन उचल खातात. सगळा माल एकदम काढण्यापेक्षा हे फायद्याचं पडतं. शेपटीखाली नारिंगी अंड्यांचा घोस असेल तर ती मादी. अंडी पिकली की राखाडी होतात. पण पिल्लं तुमच्या तळ्यात वाढायची नाहीत, त्यांना सुरुवातीला मचूळ पाणी लागतं.

कवचावर शेवाळ चढलंय? म्हणजे बरेच दिवस कात टाकलेली नाही, वाढ अडलीय. काळे खड्डे दिसले तर जखमेत जिवाणू शिरलेत. हाताला मऊ लागली तर नुकतीच कात टाकलीय. अशीला बाकीच्या खातात, म्हणून तळाशी कौलं, पाईपचे तुकडे, बांबूच्या फांद्या टाका. अस्तराच्या तळ्यात तर हे हवंच, पण टोकं घासून घ्या, कागद फाटेल.

आता कात्रीने डोक्याच्या बाजूचं कवच कापा. आत पिसांसारखे दिसतात ते कल्ले. तोंडाजवळची एक पातळ पट्टी सारखी हलून त्यांच्यावरून पाणी ओढते. कल्ले स्वच्छ, फिकट हवेत. तपकिरी किंवा काळे म्हणजे तळ घाण झालाय. खाद्य बंद करा, तळाचं पाणी काढून ताजं भरा. एरेटर पहाटे नक्की चालू हवा, कारण ऑक्सिजन सगळ्यात कमी सूर्य उगवायच्या आधी असतो. एरेटर नसेल तर मोटरीने तळ्याचंच पाणी वरून फवाऱ्यासारखं पाडा.

पाठीवरचं कवच उचललं की नारिंगी-तपकिरी गोळा दिसतो. यकृत आणि पचनग्रंथी, दोन्हींचं काम तोच करतो. तो फिकट, आक्रसलेला, पाणचट दिसला तर मला फोटो पाठवा. त्याच्या मागे पाठीलगत हृदय. रक्त लाल नसतं, कारण त्यात लोहाऐवजी तांबं असतं. म्हणून मोरचूद चालेल असं समजू नका! शेवाळ मारायला टाकलेलं मोरचूद कल्ल्यांना जाळतं.

शेपटीच्या पाठीतून जाणारा काळा दोरा, घरात साफ करताना आपण ओढून काढतो तो, म्हणजे आतडं. खाद्य दिल्यावरही रिकामं दिसलं तर कोळंबी खात नाहीये. मांस काचेसारखं आरपार हवं. लहान बीजाची शेपटी दुधाळ पांढरी झाली तर रोगाची शंका घ्या. नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा, आणि त्या तळ्याचं जाळं दुसऱ्या तळ्यात न्यायचं नाही.

पोटाच्या बाजूने पांढरी बारीक दोरी जाते ती मज्जारज्जू. आपला पाठीत, तिचा पोटात, अगदी कपाशीवरच्या अळीसारखा. कोळंबी ही किड्यांचीच चुलत बहीण. सायपरमेथ्रिन अळीच्या मज्जातंतूवर चालतं, तसंच हिच्याही, आणि अगदी थोडं पुरतं. ल्युफेन्युरॉनसारखी औषधं नवीन कवचच बनू देत नाहीत. तेव्हा पंप तळ्यात धुवायचा नाही, वारा तळ्याकडे असेल त्या दिवशी फवारायचं नाही, फवारलेल्या शेताचं वाहून आलेलं पाणी आत घ्यायचं नाही. शेजाऱ्यांनाही आधीच सांगून ठेवा.

फोटो पाठवताना कल्ल्याचा, पचनग्रंथीचा आणि शेपटीचा असे तीन पाठवा. उन्हात काढा, फ्लॅश नको, रंग बदलतो. सोबत पहाटे एरेटर चालू होता का आणि आठवडाभरात आसपास फवारणी झाली का, एवढं लिहा.