मातीवाचून, नाहीतर मातीशी झगडून

झाडाचे अन्न मातीतून येत नाही. ते पाने हवा, पाणी आणि उन्हापासून तयार करतात. मातीकडून मिळते ती ओल, खनिजे आणि उभे राहायला आधार. या तिन्हींची दुसरीकडे सोय झाली की मातीवाचूनही भागते. जुन्या विहिरीच्या चिऱ्यांत उगवलेला पिंपळ हेच सांगतो. पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेले बी चिमूटभर धुळीवर रुजते आणि मुळे फटीतल्या ओलीचा माग काढत जातात. पुढे जाड होऊन तीच चिरे ढकलतात.

मराठवाड्यात आंब्यावर, बाभळीवर दिसणारी रास्ना ही आमरी, म्हणजे ऑर्किड, जमिनीला शिवतच नाही. तिची बांडगुळाशी गल्लत होते. बांडगूळ फांदीत मुळे घुसवून रस ओढते, आमरी सालीला नुसती धरून असते. तिच्या लोंबत्या मुळांवर मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. कोरडे असताना ते पांढरे दिसते, सर येताच पाणी शोषून हिरवट होते.

साताऱ्याजवळच्या कास पठारावर कातळावर मातीचा पातळ थर आहे आणि त्यात नत्र अगदी कमी. तिथल्या ‘सीतेची आसवे’ या निळ्या-जांभळ्या फुलांच्या वनस्पतीला खरी मुळेच नाहीत. ओल्या थरात दडलेल्या बारीक फुग्यांत ती सूक्ष्मजीव पकडते आणि त्यांतून नत्र मिळवते.

मराठवाड्यातल्याच भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्याच्या मातीची गोष्ट वेगळी. दख्खनच्या लाव्हा खडकापासून झालेली काळी माती या भागात सखल रानात खोल, माळावर हलकी आणि मुरमाड. तिची अडचण मजेशीर आहे: स्फुरद असतो, पण बराचसा चुन्याशी, म्हणजे कॅल्शियमशी, बांधलेला. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून मुळांना मिळत नाही. भरल्या घरात उपवासच.

हरभऱ्याने यावर आम्लाचा तोडगा काढला आहे. त्याच्या पानांवरची आंब शेतकऱ्यांच्या ओळखीची; घाट्यांचे रान तुडवले की पाय चरचरतात. मुळेही आम्ले सोडतात, त्यांत सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबातलेच. ते कॅल्शियमला धरते आणि स्फुरद सुटा होतो. नत्राचे काम मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू करतात. बदल्यात झाड त्यांना साखर पुरवते.

तुरीची युक्ती निराळी. लाल मातीत स्फुरद लोहाशी बांधलेला असतो. तुरीची मुळे पिसिडिक आम्ल सोडून तो मोकळा करतात, हे हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेतल्या संशोधकांनी 1990 मध्ये दाखवले.